ओट: केंट ठेवावा की फुले हरिता? चारा आणि घरचं बियाणं, दोन्ही हवंय

प्रवराकाठ
राम राम मंडळी. गोठ्यात ९ गाई आहेत. यंदा २० गुंठ्यांत ओटाचे दोन वाण शेजारी शेजारी पेरले. उकिरड्याच्या अंगाला केंट, ओढ्याकडं राहुरीचा फुले हरिता. ५ नोव्हेंबरला पाभरीनं, फूटभर अंतरावर. पहिली कापणी दोन्हींची ५५ व्या दिवशी केली, केंटचा भारा चांगलाच जड भरला. मग निम्मा तुकडा बियाण्याला राखला. आता तिथं केंट पार आडवा झालाय आणि लोंबी चोळली तर दाणा पोचट. हरिता ताठ उभा आहे. बी मला घरचंच धरायचंय. केंट सोडून देऊ का?

चारापिके_झाशी
दादा, घाई नको. उकिरड्याचं पाणी वर्षानुवर्षं त्या कडेला झिरपत आलंय, म्हणजे नत्र तिथं जास्त. जड भारा, लोळणं, पोचट दाणा, तिन्ही त्यानंच होऊ शकतं. तुमच्या मापात वाण आणि जमीन एकमेकांत मिसळलेत. आम्ही चाचणी लावतो तेव्हा प्रत्येक वाण तीन-चार ठिकाणी येतो, कुठं ते चिठ्ठी टाकून ठरतं, आणि वाफ्याच्या कडेच्या ओळी मोजणीत धरत नाही. केंटच्या शेतात एखादा कोपरा उभा असेल तर त्याचं बी वेगळं झोडून बघा. एकाच लिटरच्या मापानं भरायचं आणि तोलायचं. भरलेला ओट साधारण अर्धा किलो भरतो. मग थोडे दाणे सोला. ओटाच्या वजनात पाव हिस्सा किंवा जरा जास्त तूसच असतं. दाणा बारीक राहिला की तुसाचा वाटा वाढतो.

गोठा_निफाड
भाऊ, भारा हिरवा तोलून वाण ठरवू नका, मी त्यात दोन वर्षं फसले. दोन्हींचा एकेक किलो चारा कुट्टी करून पत्र्यावर खडखडीत वाळवा, मग तोला. रसरशीत दिसणाऱ्यात पाणीच जास्त निघतं.

प्रवराकाठ
ताई, दादा, तुमचं ऐकलं ते बरं झालं. केंटचा बांधाकडचा कोपरा उभाच होता. तो हातानं झोडला: लिटरला ४७० ग्रॅम. लोळलेल्यातला ३९०. वाण एकच, शेत एकच! मी त्याला उगाच बोल लावत होतो.

चारापिके_झाशी
मग बी त्या कोपऱ्यातलंच धरा. ओटात परागीभवन फुलातल्या फुलात होतं, त्यामुळं वाण सहसा बिघडत नाही. भेसळ होते ती मळणी यंत्रात. आधी गहू निघाला असेल तर यंत्र झाडून घ्या. आणि बियाण्याच्या तुकड्याला कापणीनंतर युरिया हात राखून टाका.

प्रवराकाठ
पुढच्या हंगामाला आठ पट्टे पाडतो, चार केंटचे, चार हरिताचे, चिठ्ठ्या धाकट्या लेकीच्या हातनं. उकिरड्याच्या कडेला नेपिअर गवताची ठोंबं लावीन, ती खताला मागं हटत नाहीत.