समोरच्या उमेदवाराचे चॅट पेनड्राइव्हवर आलेत, प्रचारात वापरले तर आपल्यावर काय येतं?

तापीकाठचा_पोऱ्या
राम राम मंडळी. मामेभाऊ नगरपालिकेला उभा आहे, गाव सांगत नाही, चोपडा-यावल पट्ट्यातलं समजा. मोबाईलवरचं सगळं काम माझ्या गळ्यात, ग्रुप, रील, बॅनरचा मजकूर, याद्या. परवा रात्री मळ्यात भरीत पार्टी होती तिथे समोरच्या पार्टीतला एक पोऱ्या आला, त्याचं तिकडे फाटलंय वाटतं, मला बाजूला घेऊन पेनड्राइव्ह हातात दिला. घरी येऊन लावून पाहिला. एक तर समोरच्या उमेदवाराच्या व्हॉट्सअ‍ॅपचे ६०-७० स्क्रीनशॉट, त्यात एका ठेकेदाराशी रस्त्याच्या कामाच्या टक्केवारीचं बोलणं आणि थोडं घरातलं पण, ते मी पुढे वाचलंच नाही. दुसरी एक एक्सेल, आमच्या वॉर्डातल्या १,९०० लोकांची नावं, मोबाईल नंबर आणि कोणाचं कर्ज किती थकलंय ते, म्हणजे कुठल्या तरी पतसंस्थेतून निघालेली दिसते. भाऊ म्हणतो आपण कुठे चोरी केली, आपल्याला आणून दिलं, टाक ग्रुपवर. मला रात्री झोप नाही. खरंच काही होतं का यात?

केळीवाला
टाका ना भो बिनधास्त. सगळेच करून राहिले. मतदान झालं की कोणी विचारत नाही.

धुळ्याचा_वकील
केळीवाले भाऊ, पक्षकार तुम्ही पाठवता आणि रात्री अकराला फोन आम्हाला येतात.

पोऱ्या, "आपण चोरी केली नाही" हे वाक्य भावाच्या डोक्यातून आधी काढ. आयटी अ‍ॅक्टचं कलम ६६बी चोरणाऱ्यासाठी नाहीच, ते घेणाऱ्यासाठी आहे. चोरीचा कॉम्प्युटर रिसोर्स बेइमानीने घेतला किंवा ठेवून घेतला, आणि तो चोरीचा आहे हे माहीत होतं किंवा तसं वाटायला कारण होतं, तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि रिसोर्स म्हणजे नुसती मशीन नाही, कायद्याच्या व्याख्येतच डेटा पण आहे. रात्री मळ्यात बाजूला घेऊन दिलेला पेनड्राइव्ह, "तसं वाटायला कारण" अजून काय पाहिजे? ज्याने फोनमधून काढलं त्याच्यावर कलम ६६, त्यात दंड ५ लाखापर्यंत. आता तू त्याला "अजून आण" म्हणालास, किंवा हजार-दोन हजार पेट्रोलला दिलेस, की तू नुसता घेणारा राहत नाहीस, कटात येतोस.

खोटं कशाला सांगू, ६६बी जामीनपात्र आहे, लगेच जेलात बसवत नाहीत. पण दखलपात्र आहे. म्हणजे तक्रार आली की तुझा लॅपटॉप आणि फोन जप्त, तो पण ऐन प्रचारात, आणि परत कधी मिळेल ते कोर्टाच्या मर्जीवर. तुमचे सगळे ग्रुप त्याच फोनवर ना?

आता चॅटचं. टक्केवारीचं खरं असलं तरी "खरं आणि लोकहिताचं" हे बदनामीच्या केसमध्ये सिद्ध तुम्हाला करावं लागतं (न्याय संहिता कलम ३५६, २ वर्षांपर्यंत). घरातलं बोलणं टाकलं तर लोकहित कुठून दाखवणार? आचारसंहितेत पण खासगी आयुष्यावर टीका नको असं स्पष्ट आहे. आणि चोरून आणलेला पुरावा कोर्टात अजिबात चालत नाही असं नाही बरं, मलकानी विरुद्ध महाराष्ट्र या सुप्रीम कोर्टाच्या १९७२ च्या निकालापासून कोर्ट नुसत्या तेवढ्या कारणावरून पुरावा फेकत नाही. पण स्क्रीनशॉटला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यावर सही कोण करणार? तो पोऱ्या? म्हणजे त्याने स्वतःच लिहून द्यायचं की हो, मीच काढले.

भुसावळ_मोबाईल
माझं रिपेअरिंगचं दुकान आहे १४ वर्षं, म्हणून सांगतो, ६०-७० स्क्रीनशॉट हे हॅकिंग वगैरे काही नसतं. डिस्प्ले बदलायला फोन येतो, गिऱ्हाईक पासवर्ड कागदावर लिहून देतं, तेवढ्यात दोन मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅप वेब दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून ठेवलं की तिकडे सगळं दिसत राहतं. मालकाने "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडलं तर दिसतं पण कोण पाहतो. माझ्याकडच्या एका पोराला मी याच्यावरूनच काढला. आणि भाऊ, स्क्रीनशॉट फोनवरूनच काढलेले असतील तर वरती वेळ, बॅटरी, नेटवर्कचं नाव नीट पहा, एका चॅटमध्ये बॅटरी ४१ आणि पुढच्याच स्क्रीनशॉटला ८८ असेल तर कोणीतरी जोडजाड केलेली असू शकते. तसंच अनोळखी पेनड्राइव्ह प्रचाराच्या लॅपटॉपला लावलास हे तर वेडेपणाच, त्यात काय येतं ते तुला कळणार पण नाही.

शहाद्याचा_वाचक
वकील साहेब पण अमेरिकेत तर चालतं ना? २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल चोरीला गेले, विकिलीक्सने छापले, ट्रम्पच्या लोकांनी सभेत वाचून दाखवले, आणि पक्षाने केलेला दावा २०१९ मध्ये न्यू यॉर्कच्या कोर्टाने काढून टाकला.

धुळ्याचा_वकील
बरोबर, पण का काढला ते पण वाचा. चोरीत स्वतः सहभाग नसेल तर लोकांच्या कामाची माहिती छापायला त्यांची पहिली घटनादुरुस्ती संरक्षण देते, हा तिथला नियम. चोरणारे रशियन लष्करी गुप्तहेर, त्यांच्यातल्या १२ जणांवर २०१८ मध्ये आरोपपत्र लागलंच. आपल्याकडे घटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या बोलण्याच्या स्वातंत्र्यासोबत १९(२) चे निर्बंध येतात, त्यात बदनामी आहे, आणि ६६बी मध्ये "प्रचारासाठी घेतलं तर माफ" असं कुठे लिहिलेलं नाही.

तिथलाच दुसरा किस्सा घ्या. डिसेंबर २०१५ मध्ये सॉफ्टवेअरच्या गडबडीने क्लिंटनच्या प्रचाराचा मतदार डेटा त्याच पक्षातून उमेदवारी मागणाऱ्या सँडर्सच्या टीमला उघडा दिसला, त्यांनी तो पाहिला. दार उघडंच होतं, तोडलं नव्हतं. तरी पक्षाने सँडर्सना काही काळ अख्ख्या मतदार डेटाबेसमधून बाहेर काढलं आणि डेटा सांभाळणाऱ्या माणसाची नोकरी गेली. पोऱ्या, तुमच्या प्रचारात डेटा सांभाळणारा माणूस कोण आहे?

एक्सेल तर चॅटपेक्षा वाईट. मतदारयादी सरकारी साईटवर सगळ्यांना मिळते पण त्यात मोबाईल नंबर नसतो, थकबाकी तर नाहीच. २०२१ मध्ये पुद्दुचेरीत मतदारांना बल्क मेसेज गेले तेव्हा मद्रास हायकोर्टाने नेमकं हेच विचारलं, नंबर पक्षाकडे आले कुठून. उद्या तुला विचारलं तर? आणि कर्ज थकलेल्या माणसाला तुमचा मेसेज गेला, "तुमची अडचण आम्हाला माहीत आहे", की मत तर जाईलच, वर तो माणूस पतसंस्थेत जाऊन तमाशा करेल.

केळीवाला
हा, ते शेवटचं पटलं. आमच्याकडे मागच्या वेळेला एकाने असंच कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाचं चॅट फिरवलं होतं, निकाल लागला, हा पडला, आणि वर सहा महिने चौकीच्या चकरा. फोन पंचनाम्यात. फसी जाशी भो, नको करू.

तापीकाठचा_पोऱ्या
मग आता डिलीट मारू का सगळं? आणि ठेकेदाराचं असंच सोडून द्यायचं का, ते तर खरंच गावाच्या पैशाचं आहे.

धुळ्याचा_वकील
डिलीट मारू नको, फॉरवर्ड पण करू नको. पुरावा नष्ट केला हे वेगळं कलम लागतं. पेनड्राइव्ह पाकिटात घाल, कधी, कुठे, कोणी दिला ते तारखेसकट लिही आणि तालुक्याच्या वकिलाकडे दे, पुढे पोलिसांत कसं द्यायचं ते तो पाहील. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत बुशच्या डिबेटच्या तयारीची टेप समोरच्या गोरच्या माणसाला निनावी पोस्टाने आली होती, डाऊनी नाव त्याचं. त्याने टेप एफबीआयकडे दिली आणि स्वतः डिबेटच्या तयारीतून बाजूला झाला. पाठवणारी बाई सापडली, शिक्षा तिला झाली, डाऊनी सुटला.

रस्त्याचं म्हणशील तर त्या चॅटची गरजच नाही. माहिती अधिकारात निविदा, मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेली बिलं माग. ३० दिवस लागतात, मतदानाआधी येईल न येईल. लाच मागितल्याचा कोणी साक्षीदार असेल तर अँटी करप्शनला १०६४ वर फोन. आणि समोरच्याचं शपथपत्र निवडणूक अधिकाऱ्याकडे लावलेलंच असतं, ते वाचलं का कोणी?

तापीकाठचा_पोऱ्या
नाही वाचलं अजून. भावाला आत्ता हा धागाच दाखवला, तो पहिले चिडला, मग ६६बी दोनदा वाचून पाकीट शोधायला लागला. उद्या सकाळी चोपड्याला वकिलाकडे जातो. त्या पोऱ्याचा पण मघाशी मेसेज आलाय, "अजून एक फाईल आहे, पाहिजे का?"

भुसावळ_मोबाईल
उत्तर देऊ नको. मेसेज आहे तसा राहू दे, वकिलाला दाखव. आणि आधी तुझे स्वतःचे लिंक्ड डिव्हाइसेस तपास.