मदत हवी: दारू सोडवायची गोळी नकळत कशी देतात?

सुपर्णा_७: ताईच्या नवऱ्याला डायसल्फिराम न कळता द्यायची आहे. चव लागते का, एवढंच सांगा. प्रवचन नको, घाईत आहे.

खलबत्ता: नकळत अजिबात नाही. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ही गोळी देतच नाहीत. गोळी अंगात असताना प्यायला तर उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. हृदय कमकुवत असेल तर जीवही जातो. गोळी थांबवल्यावरही १४ दिवसांपर्यंत हे होऊ शकतं. शिवाय त्याला संशय आला की मार कोणाला बसणार? रोज किती पितो?

रानवारा: गोळ्याबिळ्या सोडा. आठ दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटते.

खलबत्ता: @रानवारा, रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम तोडली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, ४८ ते ७२ तासांत भास आणि भ्रम. भ्रमात समोरचं माणूस ओळखू येत नाही. आणि त्या घरात ताई! हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

पारिजात: न पिता मारतो का? पिऊन साहेबावर हात उचलतो का?

सुपर्णा_७: रोज क्वार्टर, सुट्टीला दोन. साहेबावर कशाला उचलेल? न पिताही मारतो, पैशांवरून. परवा गळा धरला, पण आता ठीक आहे ती.

पारिजात: हे आधी सांगायचं! दारूने मार वाढतो, पण कोणाला मारायचं हे त्याला शुद्धीतही कळतंय. दारू सुटली तरी हे आपोआप थांबणार नाही. गळा दाबणं ही पुढे जीव जाण्याची मोठी खूण. वळ नसला तरी आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके बघा. सूज उशिराही चढते. तपासणी आजच.

शुभदा_क: दोघांना एकत्र समुपदेशनाला न्या ना.

पारिजात: मारहाण चालू असताना एकत्र नको. तिथे बोललेल्याची वसुली घरी होते.

रानवारा: निदान चढल्यावर डोक्यावर गार पाणी ओता.

खलबत्ता: यकृत तासाला साधारण एक छोटा पेग पचवतं. गार पाण्याने माणूस फक्त ओला होतो.

सुपर्णा_७: मग ताईची झोपेची गोळी त्याला दिली तर? रात्र तरी शांत जाईल.

खलबत्ता: नको! दारू आणि ती गोळी, दोन्ही श्वास मंदावतात. एकत्र झाल्या तर थांबूही शकतो. आणि ताई रोज घेते? मग रात्री तो अंगावर आला तर तिला जाग येणार आहे का?

पारिजात: कागदपत्रं, जादा किल्ली, थोडे पैसे आजच तुमच्याकडे आणा. ती निघणार हे त्याला कळू देऊ नका, तोच काळ सर्वांत धोक्याचा. भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात थांबायचं नाही, तिथे सुऱ्या असतात. तिचा फोन तो बघतो का?

सुपर्णा_७: बघतो. आत्ताच मेसेज टाकला होता तिला, डिलीट करते.

पारिजात: नुसता तुमच्याकडचा नाही, तिच्याकडचाही जायला हवा. आणि समोर जाऊन बोला.