फँटेशिया बारिनो : गायनस्पर्धेची विजेती ब्रॉडवेवर कशी उभी राहिली?

प्रश्न
‘अमेरिकन आयडॉल’ या अमेरिकी दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेच्या तिसऱ्या पर्वाची (२००४) विजेती फँटेशिया बारिनो हिने २००७ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, ‘द कलर पर्पल’ या संगीत नाटकात सेलीची मुख्य भूमिका केली. स्पर्धेतून आलेल्या कलाकारांना केवळ तिकीटविक्रीसाठी घेतात, असे पुष्कळदा ऐकू येते. तिच्या बाबतीत हे कितपत खरे आहे? आणि एवढी अवघड भूमिका तिला कशी पेलली?

पहिला प्रतिसाद
तिच्या नावामुळे प्रेक्षक आले हे खरेच. पण तेवढ्यावर ही भूमिका निभावली नसती. स्पर्धेत तिने गायिलेले ‘समरटाइम’ आपण अवश्य पाहावे. संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांच्या १९३५ च्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरातील ही अंगाई तिने रंगमंचावर खाली बसून गायिली आणि गाणे संपताना तिचे डोळे भरून आले होते. अशा स्पर्धांत मिळालेल्या दीड-दोन मिनिटांत गळ्याची सगळी ताकद दाखवून टाकण्याकडे बहुतेकांचा कल असतो; हिने मात्र गाणारी बाई कोण आहे, हे आधी उभे केले.

सेलीच्या भूमिकेला नेमके हेच लागते. जॉर्जियातल्या खेड्यातली ही कृष्णवर्णीय मुलगी चौदाव्या वर्षापासून उतारवयापर्यंत आपल्यासमोर वाढते, मार खाते, बराच काळ गप्प राहते, आणि ‘आय ॲम हिअर’ हे तिचे मोठे पद नाटकाच्या अखेरीकडे येते. तोवर गळा आवरून धरायचा आणि तरीही प्रेक्षकांची नजर आपल्यावरून ढळू द्यायची नाही, ही खरी कसोटी आहे, आणि माझ्या मते ती या कसोटीला पूर्णपणे उतरली. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर पदार्पण करणाऱ्यांना दिला जाणारा त्या वर्षीचा ‘थिएटर वर्ल्ड’ पुरस्कारही तिला मिळाला.

दुसरा प्रतिसाद
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु या यशाची किंमतही सांगायला हवी. ब्रॉडवेवर आठवड्याला साधारणपणे आठ प्रयोग होतात. स्पर्धेत आठवड्यातून एक-दोन गाणी गाणाऱ्या गळ्याला दररोज तेच आक्रोश आणि तीच उंच पट्टी झेपावी, यासाठी वेगळी तालीम आणि विश्रांतीची शिस्त लागते. फँटेशिया अनेक प्रयोगांना उभी राहू शकली नाही आणि त्यावरून तिच्यावर टीकाही झाली. ती टीका मला एकांगी वाटते, कारण इतकी वेदना रोज अंगावर घेणाऱ्या अभिनेत्रीचा गळा आणि मन दोन्ही थकतात, हे नाट्यव्यवसायातल्या माणसांना चांगले ठाऊक असते.

तिसरा प्रतिसाद
तिला अभिनयाचा अजिबात अनुभव नव्हता, असे मात्र नाही. २००५ च्या आत्मकथनात तिने आपल्याला नीट वाचता येत नसल्याचे उघडपणे सांगितले होते आणि त्यावर २००६ साली आलेल्या दूरचित्रवाणीपटात स्वतःची भूमिका स्वतःच केली होती. देवाला पत्रे लिहिणारी, बहिणीकडून अक्षरे शिकणारी सेली तिला इतकी जवळची का वाटली असावी, हे यावरून ध्यानात येते.

तिच्याच पर्वात सातव्या क्रमांकावर बाद झालेल्या जेनिफर हडसनचा प्रवासही याला जोडून पाहावा. तिने आधी ‘ड्रीमगर्ल्स’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळवले आणि २०१५ साली याच नाटकाच्या पुनरुज्जीवनात शुग एव्हरी या गायिकेच्या भूमिकेतून ब्रॉडवेवर पदार्पण केले. फँटेशियाने मध्यंतरी ध्वनिमुद्रणाकडे वळून ‘बिटरस्वीट’ या गीतासाठी २०११ चे ग्रॅमी मिळवले. पुढे याच संगीत नाटकावर चित्रपट निघाला, तेव्हा सेलीचे ओझे पुन्हा उचलायला ती आधी तयार नव्हती. अखेर तिने होकार दिला आणि २०२३ च्या त्या चित्रपटासाठी तिला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले.