कोरियाचं जीन इंजेक्शन, पैसे भरायचे का?

गायकवाड काका (डी ४०३): नमस्कार. जरा वेगळा विषय आहे पण आपल्या बिल्डिंगमध्ये शुगरवाले बरेच आहेत म्हणून इथेच विचारतो. हिच्या दोन्ही तळपायांची रात्रभर आग होते, चादर लागली तरी सहन होत नाही, आणि दिवसा म्हणते पाय कापसावर ठेवल्यासारखे वाटतात. काल एका एजंटचा फोन आला, एक व्हिडिओही पाठवला, त्यात एक बाई सांगतात त्यांचे पाय बरे झाले. कोरियात शुगरने खराब झालेल्या नसा परत वाढवणारं जीनचं इंजेक्शन निघालंय, त्याची ट्रायल इथे होणार आहे, दीड लाख भरून नाव नोंदवा म्हणे. कुणाला काही माहिती?

इम्रान (ए १०४): काका तो व्हिडिओ मलाही आलाय, अम्मीला दाखवला तर ती लगेच म्हणाली आपण पण जाऊ.

देशपांडे काकू (सी ५०१): माझ्या भावाला हाच त्रास होता हो, झोप नाही काही नाही. एवढं दुखत असेल तर माणूस काहीही करून बघतो.

मुग्धा (बी २०१): काका पैसे भरू नका, आधी हे वाचा, थोडं लांबेल. मी ट्रायलच्या डेटावर काम करते, हे औषध आमच्याकडे कधी नव्हतं पण त्याचे पेपर वाचलेत. व्हिडिओतलं औषध खरं आहे. एन्जेन्सिस नाव, आधी व्हीएम२०२ म्हणायचे, दक्षिण कोरियाची हेलिक्समिथ कंपनी. डीएनएचा एक गोल तुकडा असतो, प्लास्मिड म्हणतात, त्यात एचजीएफ नावाचं प्रोटीन बनवणारा जीन टाकलेला. तो पोटरीच्या स्नायूत टोचतात, मग स्नायूच्या पेशी काही दिवस ते प्रोटीन बनवतात आणि त्याने नसा आणि बारीक रक्तवाहिन्या सुधारतील अशी कल्पना. ते आपल्या स्वतःच्या जीन्समध्ये जाऊन बसत नाही, थोड्या दिवसांनी काम थांबतं, म्हणून परत परत टोचावं लागतं. कल्पना चांगलीच आहे, मलाही वाटत होतं की जमावं.

मुग्धा (बी २०१): आता रिझल्ट. २०१५ मध्ये १०४ पेशंटची ट्रायल छापून आली. ज्यांना एका पायाला ८ मिलिग्रॅम दिलं त्यातल्या ४८.४ टक्के लोकांचं दुखणं निम्मं किंवा त्याहून कमी झालं, आणि खोटं इंजेक्शन, म्हणजे प्लासिबो मिळालेल्यांत हाच आकडा १७.६ टक्के.

देशपांडे काकू (सी ५०१): मग झाला की फायदा! अर्ध्या लोकांना बरं वाटलं म्हणजे काय कमी आहे?

मुग्धा (बी २०१): काकू मलाही तो आकडा बघून आनंदच झाला होता, पण त्याच ट्रायलमध्ये एक गोष्ट खटकते, डबल डोसवाल्यांना कमी डोसवाल्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. छोट्या ट्रायलमध्ये असे आकडे वरखाली होतात म्हणून मोठी करतात. अमेरिकेत ५०० जणांवर केली, सप्टेंबर २०१९ मध्ये रिझल्ट आला आणि औषध आणि प्लासिबोत ठरवलेला फरक दिसलाच नाही. कंपनी म्हणाली काही पेशंटमध्ये औषध आणि प्लासिबोची अदलाबदल झाली असावी, पण पुढे चौकशीत तसं काही सिद्ध झालं नाही. मग त्यातल्याच १०१ जणांना वर्षभर फॉलो केलं, त्यात फरक बरा दिसला, परत आशा. ती खरी का हे बघायला पुन्हा वेगळी ट्रायल केली आणि जानेवारी २०२४ मध्ये तीही मुख्य निकषावर नापास. इंजेक्शनने मोठा अपाय झाला असं काही समोर आलेलं नाही, फक्त ते काम करतं हे सिद्ध झालेलं नाही.

इम्रान (ए १०४): पण ताई प्लासिबोवाल्यांचं पण दुखणं कमी होतं? त्यांना तर औषधच नाही मिळालं.

मुग्धा (बी २०१): होतं ना, आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच बरं वाटतं. माणूस ट्रायलमध्ये कधी येतो, जेव्हा दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हा, त्यानंतर ते थोडं खाली येतंच. त्यात कोणीतरी दर आठवड्याला फोन करून विचारतंय, शुगर तपासतंय, इंजेक्शन टोचलंय, आशा आहे, या सगळ्याने आकडा खाली येतो. म्हणून व्हिडिओतल्या त्या बाई खऱ्या असल्या तरी त्यावरून औषध चाललं का हे कळत नाही. बोस्टनच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये व्हीईजीएफ, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणारं दुसरं एक प्रोटीन, त्याच्या जीनची शुगरने नसा खराब झालेल्या ५० जणांवर ट्रायल छापली, त्यात लोक म्हणाले बरं वाटतं पण नसांच्या तपासण्यांत सुधारणा दिसली नाही. सँगामो नावाच्या अमेरिकन कंपनीने तोच व्हीईजीएफ वेगळ्या पद्धतीने वाढवायचा प्रयत्न केला, तोही २०११ मध्ये बंद करावा लागला.

गायकवाड काका (डी ४०३): म्हणजे ट्रायलमध्ये जाऊच नये का? तू त्याच लाइनमध्ये आहेस म्हणून विचारतो.

मुग्धा (बी २०१): असं अजिबात नाही काका, लोक गेले नसते तर हे काम करत नाही हेही कळलं नसतं, त्या ५०० जणांचे आपल्यावर उपकार आहेत. फक्त खऱ्या ट्रायलमध्ये औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. २०१९ चे नियम आहेत आपल्याकडे, एथिक्स कमिटीची परवानगी लागते, संमतीपत्र समजेल अशा भाषेत हवं, कधीही बाहेर पडता येतं, ट्रायलमुळे काही झालं तर उपचार आणि भरपाई करणाऱ्याने द्यायची. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात देशात १० कोटींवर डायबेटिक निघाले, आपण सगळे त्या एजंटचं गिऱ्हाईक आहोत हे लक्षात ठेवा.

देशपांडे काकू (सी ५०१): बरं पण आत्ता रात्री झोप लागायला काय? बिचारीने काय करायचं?

मुग्धा (बी २०१): काकू डॉक्टरांना विचारून प्रीगाबालिन किंवा ड्युलोक्सेटिन, त्याने नस दुरुस्त होत नाही पण दुखणं बऱ्याच जणांचं कमी होतं, झोप मिळते. आणि काका, काकू मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची नेहमीची गोळी, घेत असतील तर बी १२ तपासून घ्या आधी, ते औषध वर्षानुवर्षं घेतलं की बी १२ कमी होऊ शकतं, त्यात तुमच्याकडे शाकाहारी, आणि बी १२ कमी झाल्यावर पण अशाच मुंग्या येतात. ते भरून काढता येतं! गरम पाण्याची पिशवी पायाला अजिबात नको, भाजलेलं कळणार नाही. देवळात, गच्चीवर उन्हात अनवाणी नको. रोज रात्री दोन्ही तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरून, नाहीतर तुम्ही बघा.

गायकवाड काका (डी ४०३): मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे. बी १२ कधी केलेलं आठवत नाही, उद्याच लॅबवाल्याला घरी बोलावतो. आत्ता एजंटला मेसेज करून विचारलं ट्रायलची सरकारी नोंद कुठे आहे, तो म्हणतो पैसे भरल्यावर नंबर देतो.

मुग्धा (बी २०१): पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीच्या वेबसाइटवर, नोंद करावीच लागते आणि ती कुणालाही फुकट बघता येते, पैसे भरायचा संबंधच नाही. तो नंबर ब्लॉक करा काका. इम्रान, अम्मींना पण सांग, आणि त्यांचंही बी १२ करून घे.

इम्रान (ए १०४): हो ताई. काका, लॅबवाला किती वाजता येतोय, अम्मीचं पण सोबतच करून घेऊ.