गेमच्या दुकानात काम केलेल्यांनो, लिहा की!

राजारामपुरीत गेमच्या दुकानात काउंटरला उभा असतो मी. पीएस५ (सोनीचं टीव्हीला लावायचं गेमचं मशीन, प्लेस्टेशन ५), त्याच्या आधीचे जुने पीएस४, कंट्रोलर, डिस्कची अदलाबदल, थोडीफार दुरुस्ती. कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे दिवसभर खेळतच बसतोस की!" खेळायला वेळ मिळत नाही. पण रोज किती घरांचे हिशेब आणि हट्ट या काउंटरवर येतात, ते कुठं लिहिलेलं दिसत नाही. कोल्हापुरात हे काम केलेले बरेच जण आहेत. मोठं लिहा, दोन ओळी लिहा, पण लिहा. प्रत्येकाचं उत्तर खाली वेगळ्या मथळ्याखाली लावतो.

माझ्यापासून सुरुवात करतो. सुट्टी लागली की वडील पोराला घेऊन येतात आणि पोरगं बोट दाखवतं ते जीटीए ५ वर. पोरगं चौथी-पाचवीतलं. डब्यावर लाल चौकोनात १८ छापलेलं असतं, त्याकडं कुणाचं लक्ष नसतं. मी डबा वडिलांच्या हातात देऊन तो आकडा दाखवतो आणि स्पष्ट सांगतो, हा मोठ्यांचा गेम आहे, यात खून आहेत, शिव्या आहेत. कधी कधी गिऱ्हाईक जातं. तरी सांगतोच. बरेच वडील ऐकतात आणि ग्रॅन टुरिस्मोसारखा गाड्यांचा गेम घेऊन जातात. मालकांनी यावरून एकदाही टोकलं नाही, म्हणून या दुकानात टिकलोय.

लक्ष्मीपुरी, कॅसेटचा काळ

आमच्या वेळी डिस्क नव्हत्या. टीव्हीला लावायचा डबा, म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल, आणि पिवळ्या कॅसेटी. मारिओ आणि कॉन्ट्राला मरण नव्हतं. लेबलवर '९९९९९९ इन १' छापलेलं, आत मोजकेच गेम फिरून फिरून. नवीन पोरांना हे आधीच सांगायचो. कॅसेट भाड्यानं जायची, जुनी देऊन वर पैसे भरून दुसरीही मिळायची.

चालली नाही की सगळे फुंकर मारायचे. मी प्रत्येकाला थांबवायचो. फुंकरीतला दमटपणा पिनांना लागतो आणि पुढं गंज धरतो. कापसाला स्पिरिट लावून पुसायचं, पट्टी फारच काळी पडली असेल तर खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं. शाळेची पोरं दप्तरातलं खोडरबर काढून द्यायची, "मामा, ह्यानं करा". त्यातली काही आता स्वतःच्या पोरांना घेऊन गेमच्या दुकानात जातात, मला रस्त्यात भेटून सांगतात.

शिवाजी पेठ, पार्लर

दुकानाच्या मागं दोन टीव्ही लावून तासावर खेळायला देत होतो. आपल्या गावात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या आपल्या दोन क्लबांची मॅच असली की दुपारी पार्लर ओस, आणि संध्याकाळी मॅच संपली की उभं राहायला जागा नाही. हरलेल्या बाजूची पोरं टीव्हीवर परतफेड करायला यायची. मंगळवार पेठेतली पोरं आली की आवाज आणखी वाढायचा. गेम फिफाच. २०२३ ला त्याचं नाव बदलून ईए स्पोर्ट्स एफसी झालं, तरी आजही मागायला येणारा "नवीन फिफा आला काय?" असंच विचारतो.

फिफा २२ मध्ये करिअर मोडमध्ये, म्हणजे एक क्लब घेऊन हंगामामागून हंगाम खेळायच्या प्रकारात, स्वतःचा क्लब तयार करायची सोय आली. त्या दिवसात आमच्याकडं जे झालं ते विसरणार नाही. एकानं इंग्रजी अक्षरांत दिलबहार केला, दुसऱ्यानं खंडोबा, तिसऱ्यानं बालगोपाल. आपल्या तालमींच्या फुटबॉल संघांची नावं इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या टेबलात दिसली, आणि पोरांनी टीव्हीचे फोटो काढून गल्लीत दाखवले. जर्सीचा रंग अगदी तसाच पाहिजे म्हणून तास घालवले. गेम बनवणाऱ्यांना पेठ माहीत नाही, पण या पोरांनी पेठ त्यात नेऊन बसवली. मला याचा फार अभिमान वाटतो.

एक नियम कडक ठेवला होता. वाद झाला तर दोन्ही कंट्रोलर माझ्याकडं. २०२२ च्या वर्ल्ड कपच्या वेळी चौकाचौकात मेस्सी-रोनाल्डोचे कटआऊट होते आणि अर्जेंटिना सगळ्यांनाच पाहिजे होती. तेव्हा नाणेफेक करूनच टीम द्यायचो.

काउंटरवरची मुलगी

दुकानात शिरलेला माणूस माझ्याकडं बघून विचारतो, "सर कुठं आहेत?" मी विचारते, काय पाहिजे? मग पीएस५ ची डिस्क एडिशन आणि डिजिटलमधला फरक सांगते: डिजिटलला डिस्कची खाच नसते, गेम नेटवरूनच घ्यायचा, त्यामुळं जुनी डिस्क चालत नाही, गेम विकताही येत नाही, गेम संपला की पैसे परत यायची वाट बंद. आपल्याकडं बहुतेक जण गेम संपवून विकतात, त्यामुळं हा फरक हजारोंचा पडतो. पुढच्या वेळी तोच माणूस सरांना न विचारता माझ्याकडं येतो. पोरांच्या आया तर थेट माझ्याकडंच येतात.

शाहूपुरी, दुरुस्ती

ऑगस्ट २०१९ चा पूर ओसरल्यावर पिशव्या भरून मशीन आली. पंख्यात गाळ, हीट सिंकमध्ये (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) गाळ. पहिलं वाक्य सगळ्यांना एकच: चालू करून बघू नका. ओल्या बोर्डात करंट गेला की संपलं. उघडायचं, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं ब्रशनं धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मगच वीज.

बऱ्याच जणांना मशीनपेक्षा आतल्या सेव्हची, म्हणजे गेम कुठपर्यंत खेळलाय त्या साठवलेल्या नोंदीची, काळजी होती. पीएस४ ची हार्डडिस्क त्या मशीनच्या बोर्डाशीच बांधलेली असते, दुसऱ्यात घातली तर फॉरमॅट करायला सांगते. म्हणजे बोर्ड जगला तरच सेव्ह जगणार. एका कॉलेजच्या पोरानं भावासोबत खेळलेला गेम होता, भाऊ नोकरीला बाहेरगावी गेलेला. तो बोर्ड उठला. लगेच पेन ड्राइव्हवर सेव्ह काढून दिली. तेव्हापासून पीएस४ घेणाऱ्या प्रत्येकाला पेन ड्राइव्हवर कॉपी ठेवायला सांगतो. पीएस५ च्या गेमची सेव्ह मात्र पेन ड्राइव्हवर जात नाही, त्याला पीएस प्लसचं, म्हणजे सोनीच्या पैसे भरून घ्यायच्या सेवेचं, क्लाउड लागतं.

रोजचं काम म्हणजे ड्रिफ्ट. कंट्रोलरच्या स्टिकला हात न लावता खेळाडू आपोआप चालतो. आतली पट्टी घासलेली असते. साफ करून थोडे दिवस निघतात, खरा उपाय स्टिकचं अख्खं मॉड्यूल बदलणं. आणि पीएस५ घरी उघडू नका, कृपा करून. चिपवर लिक्विड मेटल असतं, ते सांडलं की बोर्ड शॉर्ट होतो.

कळंब्याचा

पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, ४९,९९० ला. मिळत कुणालाच नव्हता. आमच्या मालकांनी आलेले मोजके डबे छापील किमतीलाच दिले, यादीच्या क्रमानं. जास्त पैसे घेऊन आलेले परत गेले. हे लिहायचंच होतं.

परत राजारामपुरी

वरच्यांनी लिहिलं त्यात एक भर. डिस्क घेतली तरी बहुतेक वेळा नेट लागतं, पहिल्या दिवशी अपडेट येतात. आणि डिस्कशिवाय शंभर जीबीचा गेम मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीवर उतरवायचा म्हटलं तर दोन महिने जातात. त्यामुळं घरी वायफाय आहे काय, हे मी बिल करायच्या आधी विचारतो.

आणि एकानं विचारलंय, जुना पीएस४ घेताना काय बघावं? विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास चालवून बघा, पंख्याचा आवाज ऐका. डिस्क आत घेतो आणि बाहेर टाकतो काय बघा. टीव्हीला जाणाऱ्या एचडीएमआय वायरची पिन हलवून चित्र जातंय काय तपासा. दोन्ही स्टिक मोकळ्या सोडून खेळाडू हलतोय काय बघा. शेवटी स्वतःचं अकाउंट घालून ऑनलाइन जाऊन बघा, कारण सोनीनं ऑनलाइन खेळायला बंदी घातलेलं (बॅन झालेलं) मशीन बाहेरून ओळखू येत नाही. बिल असेल तर मागून घ्या. आणखी कुणाला भर घालायची असेल तर घाला.