पोकेमॉन गो : स्टारडस्ट मोजका असेल तर आधी कोणाला उभं करायचं?

डोंबिवली_लोकल

रेडसाठीच्या (म्हणजे अनेकांनी मिळून एका बलाढ्य बॉस पोकेमॉनशी लढायच्या लढतीसाठीच्या) बहुतेक याद्यांत वरच्या जागा ठरलेल्या असतात. शॅडो म्यूटू, मेगा रेक्वाझा, कार्टाना वगैरे (शॅडो आणि मेगा ही जास्त मार देणारी रूपं). नावं बरोबरच आहेत. पण या याद्या सगळ्यांची लेव्हल ४० किंवा ५० धरून केलेल्या असतात आणि तिथवर पोचायचा खर्च कोणी धरत नाही. नवीन मुलं यादी वाचतात, पहिल्याच लेजंडरीत (दुर्मिळ, बलाढ्य पोकेमॉनमध्ये) सगळा स्टारडस्ट (लेव्हल वाढवायला लागणारी गेममधली पूड) ओततात आणि पुढच्या रेडला त्यांच्याकडे एक तगडा आणि पाच लिंबूटिंबू असतात. म्हणून मला वाटतं, क्रमवारी खर्चाला मिळणाऱ्या कामावर लावावी.

आकडे मांडतो. रेडमध्ये पकडलेला पोकेमॉन लेव्हल २०चा असतो. २० ते ३० न्यायला ७५,००० स्टारडस्ट आणि ६६ कँडी (त्याच जातीचे पोकेमॉन पकडून मिळते ती) लागतात, ताकद साधारण २२ टक्के वाढते. ३० ते ४० ला १,५०,००० स्टारडस्ट आणि १८२ कँडी, वाढ ८ टक्के. ४० ते ५० ला आणखी २,५०,००० स्टारडस्ट आणि २९६ एक्सएल कँडी, वाढ जेमतेम ६ टक्के. त्यात पोकेमॉन लकी असेल (अदलाबदलीत एखादा तसा निघतो) तर स्टारडस्ट निम्मा. म्हणजे एक साधा पोकेमॉन २० वरून ४० ला नेण्याच्या स्टारडस्टमध्ये सहा लकी ३० ला जातात. आख्खा संघ!

या हिशेबाने माझा क्रम:

१. मॅमोस्वाइन. रेक्वाझा, ड्रॅगोनाइट, सॅलॅमेन्स, गारचॉम्प, लँडोरस, झायगार्ड या सगळ्यांना आइस टाइपचा मार दुप्पट लागतो (त्यांच्या दोन्ही टाइपचा कमकुवतपणा एकत्र येतो), म्हणजे २.५६ पट मार. स्वायनब (मॅमोस्वाइनचं पहिलं रूप) काही दुर्मिळ नाही आणि इव्हॉल्व्ह करायला लागणारा सिनो स्टोन मिळून जातो.
२. मचॅम्प.
३. मेटाग्रॉस, पण मीटिऑर मॅश असेल तरच. ती मूव्ह नसेल तर हात लावू नका.
४. रॅम्पार्डोस. अटॅक २९५, बचाव काचेचा, पण हो-ओह आणि मोल्ट्रेसचा फडशा पाडतो.
५. ग्राउडन. लेजंडरीत पहिला हाच.

म्यूटू पहिल्या पाचात नाही. का नाही, यावर बोलूया.

म्यूटूभक्त

यादी पटली नाही. स्टारडस्ट मोजका आहे म्हणूनच तो अशा ठिकाणी घालायचा जिथे दोन वर्षांनी हळहळ वाटणार नाही. तुमच्या पहिल्या तिघांकडे बघा. व्हाइट क्युरेम आल्यावर मॅमोस्वाइन मागे पडला. फायटिंगमध्ये सेक्रेड सोर्डवाला टेराकियन आणि लुकारियो मचॅम्पच्या पुढे आहेत. स्टीलमध्ये डस्क मेन नेक्रोझ्माने मेटाग्रॉसची गादी घेतली. शॅडो म्यूटू २०२०मध्ये आला आणि मेगा बाजूला ठेवले तर सायकिकमध्ये आजही तोच पहिला. मूळ अटॅक ३००, त्यावर शॅडोचा २० टक्के. दर वर्षी बदलावी लागणारी स्वस्त वस्तू शेवटी महागच पडते.

डोंबिवली_लोकल

@म्यूटूभक्त, मागे पडला म्हणजे निरुपयोगी झाला असं नाही. माझ्या मॅमोस्वाइनचा मार व्हाइट क्युरेम आल्यामुळे कमी झाला नाही. बॉसचं रक्त (तो किती मार सोसतो तो आकडा) तेवढंच आहे, वेळ तेवढाच आहे. यादीत एक पायरी खाली जाणं आणि रेड हरणं यात फार अंतर आहे.

शॅडोचा खर्चही पाहा. पॉवर-अपला २० टक्के जास्त, म्हणजे २० ते ४० ला २,७०,०००. शॅडोची अदलाबदल होत नाही, त्यामुळे तो कधीच लकी होणार नाही. तोच प्रवास लकी पोकेमॉन १,१२,५०० मध्ये करतो. शिवाय सायकिक लागतं कोणाला? फायटिंग आणि पॉइझनला. पाच ताऱ्यांच्या रेडमध्ये असे बॉस किती येतात? टेराकियन, बझवोल, निहिलेगो वगैरे. त्यातही बझवोलला फ्लाइंग दुप्पट लागतं आणि निहिलेगोला ग्राउंड.

म्यूटूभक्त

सायकिक टाइपसाठी म्यूटू ठेवायचाच नसतो. ज्या बॉससमोर आपल्याकडे नेमका काउंटर (त्याच्यावर भारी पडणारा पोकेमॉन) नाही तिथे तो उभा राहतो. नव्या खेळाडूकडे अठरा टाइपचे अठरा संघ नसतात. शॅडो बॉल शिकवलेला म्यूटू घोस्टचंही काम करतो. एकात दोन कामं, हाही काटकसरीचाच हिशेब आहे.

देवरुखकर

तुम्हा दोघांचाही हिशेब शहरातला आहे. माझ्या गावात जिम (गेममधल्या लढतीच्या जागा, रेडही तिथेच होतात) मोजक्या आणि खेळणारे आम्ही दोघं-तिघं. पाच ताऱ्यांचा रेड म्हणजे १५,००० रक्त आणि ३०० सेकंद. दोघांत तो बहुतेक वेळा होत नाही, मग मॅमोस्वाइन किती का चांगला असेना. रिमोट पास (लांबून रेडमध्ये शिरायचं तिकीट) एप्रिल २०२३मध्ये १०० वरून १९५ नाण्यांवर गेला. जिममधून दिवसाला जास्तीत जास्त ५० नाणी मिळतात. एका रेडसाठी चार दिवस जिम सांभाळायच्या, तेही जिम हातात राहिली तर.

म्हणून माझ्याकडे पहिला क्रमांक मचॅम्पचा, आणि तो दुसऱ्या क्रमांकाच्या बराच पुढे आहे. तीन ताऱ्यांचा रेड ३,६०० रक्ताचा, १८० सेकंदांचा. तो एकटीने करता येतो, फक्त नेमका टाइप हाताशी हवा. जिममध्ये ब्लिसी, चॅन्सी, स्नॉरलॅक्स बसलेले असतात, तिथे रोज मचॅम्पच लागतो. टायरॅनिटारला फायटिंग दुप्पट लागतं ते वेगळंच. आणि मचोक अदलाबदल करून घेतला की मचॅम्प करायला एकही कँडी लागत नाही, १०० वाचतात. मी आणि माझी मावसबहीण आपापले मचोक एकमेकींना देतो. त्यात एखादा लकी निघाला तर दुहेरी फायदा.

ज्या पोकेमॉनला रोज काम आहे त्याला आधी मोठं करा, एवढंच माझं म्हणणं. रेक्वाझा वर्षातून कधीतरी येतो. जिम रोज समोर आहे.

डोंबिवली_लोकल

ताई, अदलाबदलीचा मुद्दा मी लिहायला हवा होता. रोजच्या कामाचा निकषही पटला. तुमच्याकडे मचॅम्प पहिला असणं रास्तच आहे. आमच्याकडे शनिवारी रेडला पंधरा-वीस जण सहज जमतात, तिथे मात्र मी मॅमोस्वाइनवरून हलणार नाही.

मालवणी_पाऊस

हवामानाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? आपल्या भागात राहून क्रमवारी लावताय ना? गेममध्ये पाऊस असेल तर वॉटर, इलेक्ट्रिक आणि बगचा मार १.२ पट होतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे दुसरं काय असतं! आइस आणि स्टीलला हवामानाचा फायदा फक्त बर्फात मिळतो. म्हणजे तुमचा पहिला मॅमोस्वाइन आणि तिसरा मेटाग्रॉस, दोघांनाही महाराष्ट्रात बारा महिन्यांत एक दिवसही हा फायदा मिळणार नाही. मचॅम्पला ढगाळ हवेत मिळतो, तो राहू दे.

माझ्या मते पहिले दोन क्रमांक प्रायमल (मेगासारखंच तात्पुरतं ताकदवान रूप) कायोगर आणि प्रायमल ग्राउडनचे. प्रायमल कायोगर मैदानात असताना बाकीच्यांच्या वॉटर, इलेक्ट्रिक, बग मूव्हना ३० टक्के जोर देतो, म्हणजे पाऊस ज्यांना साथ देतो तेच तीन टाइप. ग्राउडनचे ग्राउंड, फायर, ग्रास, आणि उन्हाचेही तेच तीन. आपल्याकडे चार महिने पाऊस, उरलेल्या वर्षात बहुतेक ऊन. आख्खं वर्ष दोघांत निघतं! शिवाय त्या टाइपचे पोकेमॉन पकडताना कँडी जास्त मिळते. रेडमध्ये एकाचा कायोगर असला तरी वीस जणांना फायदा. डीपीएसच्या (सेकंदाला किती मार) यादीत हे दिसतच नाही, कारण ती यादी एकट्याची असते. रेड एकट्याचा नसतो.

टोरंटोचा_पक्या

इथे थंडीत गेममध्ये बर्फ दिसतो आणि मॅमोस्वाइन सुटतो अगदी. पण मालवणीभाऊ, हवामान क्रमवारीत धरू नये असं मला वाटतं. ते तासातासाला बदलतं, आणि बॉस कोणता येणार हे काही पावसाच्या हातात नाही. भर पावसात समोर टेराकियन आला तर वॉटर चालेल. रेक्वाझा आला तर वॉटर त्याला निम्मंशिम्मंच लागतं, कायोगर घेऊन काय करायचं? टाइपचा २.५६ पट हवामानाच्या १.२ पटीपेक्षा केव्हाही मोठा.

मालवणी_पाऊस

रेक्वाझासमोर कायोगर न्या असं मी म्हटलेलंच नाही. प्रश्न आधी कोणाला उभं करायचं हा आहे. ज्याचा फायदा माझ्या गावात महिनोन्महिने टिकतो त्याला मी आधी उभं करणार. तुम्ही तुमच्या बर्फात मॅमोस्वाइन करा, बरोबरच आहे ते. एकच यादी देवगडला आणि टोरंटोला कशी चालेल?

पंधराशे_सीपी

सगळे रेडचंच बोलताय. मुळात स्टारडस्ट येतो कुठून? माझा बराचसा बॅटल लीगमधून (खेळाडूंच्या आपापसातल्या लढतींतून) येतो, प्रत्येक विजयाला थोडाथोडा. म्हणून माझ्या मते पहिली गुंतवणूक ग्रेट लीगच्या संघात करावी. १,५०० सीपीची (पोकेमॉनच्या एकूण ताकदीच्या आकड्याची) मर्यादा असल्यामुळे खर्चही आवरता राहतो. स्वॅम्पर्ट घ्या. लेव्हल १९च्या आसपास तो मर्यादेला टेकतो. स्टार्टर असल्यामुळे दुसरी मूव्ह १०,००० स्टारडस्ट आणि २५ कँडीत उघडते. हायड्रो कॅनन आणि अर्थक्वेक दिली की झाला तयार. लेजंडरीची दुसरी मूव्ह उघडायलाच १,००,००० जातात. म्यूटूभक्तांनी एकात दोन कामं म्हटलं खरं, पण शॅडो असल्यामुळे ते दुसरं काम उघडायला १,२०,००० पडतात, हे सांगितलं नाही.

आणि इथे १००% आयव्हीच्या (पोकेमॉनच्या उपजत अटॅक, बचाव वगैरे गुणांच्या) मागे लागू नका. ग्रेट लीगला बहुतेकांसाठी अटॅक कमी आणि बाकी दोन्ही जास्त असलेला बरा, म्हणजे रेडवाले ज्यांना सोडून देतात तेच.

म्यूटूभक्त

१,२०,००० बरोबर आहे. तरी तो खर्च मी करीन. बॅटल लीगबद्दल मात्र वाद आहे. रोज लढायला वेळ आणि चांगलं नेटवर्क लागतं. लोकलमध्ये उभं राहून रेंज जात-येत असताना बॅटल हरण्यापेक्षा स्टेशनबाहेर एक रेड केलेला परवडतो.

देवरुखकर

@पंधराशे_सीपी, बॅटल लीगला जिम लागत नाही, पाच माणसं लागत नाहीत. आमच्यासारख्यांना हे रेडपेक्षा सोयीचं आहे. माझ्याकडे मार्शटॉम्प (स्वॅम्पर्टच्या आधीचं रूप) आहेत, पण हायड्रो कॅनन कम्युनिटी डेला (एखाद्या पोकेमॉनसाठीच्या खास दिवशी) इव्हॉल्व्ह केलं तरच मिळते ना? आत्ता इव्हॉल्व्ह केलं तर?

पंधराशे_सीपी

आत्ता करू नका. डिसेंबरात वर्षभराच्या कम्युनिटी डेंची उजळणी होते, तेव्हा जुन्या मूव्हही बऱ्याचदा परत देतात. तोवर कमी अटॅकवाला एक मार्शटॉम्प बाजूला काढून ठेवा. एलिट चार्ज्ड टीएम (हवी ती मूव्ह शिकवणारी दुर्मिळ वस्तू) यावर खर्चू नका, ती मीटिऑर मॅशसाठी राहू द्या.

डोंबिवली_लोकल

मालवणींचा एक मुद्दा मला यादीत घ्यावाच लागेल. वीस जणांना ३० टक्के जोर देणारा पोकेमॉन पाचवा ठेवता येणार नाही, आमच्या शनिवारच्या गर्दीत तर नाहीच. ग्राउडन दुसऱ्या क्रमांकावर आणतो, मचॅम्प तिसरा. कायोगरला जागा देत नाही, कारण मेगा असो वा प्रायमल, एका वेळी एकच चालू ठेवता येतो आणि डोंबिवलीत ऊन पावसापेक्षा जास्त महिने असतं. बाकीचे पाच साधेच लागणार आहेत, ते लेव्हल ३०चे. म्यूटू अजूनही बाहेर.

म्यूटूभक्त

बाकीचे पाच ३० वर ठेवा, इथवर मीही येतो. पण सहावा म्यूटूच, आणि तो ४० चा.