यमूच्या आधीची यमुना
मराठी कादंबरीने विधवांच्या छळाविरुद्ध प्रथम आवाज उठवला तो हरिभाऊ (ह. ना.) आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’मध्ये, हे मत मला पटत नाही. विधवा-पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला आणि पुढच्याच वर्षी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. तिच्यात यमुना व तिचा पती प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांच्या करुण कहाण्या ऐकतात आणि पुढे यमुनेवरही वैधव्य येते. त्या कादंबरीत धर्मप्रसाराचा हेतू लपत नाही, हे मान्य.

हरिभाऊंचे खरे मोठेपण मला निराळ्या ठिकाणी दिसते. त्यांनी आपल्या कादंबरीची सारी कथा नायिका यमूच्याच तोंडून सांगितली, त्यामुळे बळजबरीच्या केशवपनाचा प्रसंग वाचताना ती वेदना ऐकीव राहत नाही. आजीला तो भाग वाचून दाखवताना मला मध्येच थांबावे लागले होते.